गावाकडे बी नको, प्रश्न न्या

डिसेंबरची तिकिटं काढली की आमच्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे सामानाच्या वजनावरून घरात होणारी वादावादी, आणि दुसरी म्हणजे गावाकडून येणारा फोन. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून शेती आहे, त्यांना हा फोन ओळखीचा असेल. "दादा, तिकडं टोमॅटोचं एखादं भारी वाण असेल तर बी घेऊन ये की. पाकीटच तर आहे, बॅगेत कुठंही मावेल."

खरंच मावतं. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया असतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या पुडीत दहा गुंठ्यांची लागवड आरामात होते. काही वर्षांपूर्वी मी जुन्नर तालुक्यातल्या माझ्या चुलतभावासाठी अशीच एक पुडी नेली होती. ब्रँडीवाइन नावाचं जुनं अमेरिकन वाण. इथल्या शनिवारच्या शेतकरी बाजारात ते लोक कौतुकाने विकत घेतात, आणि चव अशी की नुसतं मीठ लावून खावं. मला वाटलं, हे गावी पिकलं तर भाऊ बाजार गाजवेल.

रोपं उत्तम आली. फळं कमी धरली, पण जी धरली ती चवीला अप्रतिम होती. घरात सार झालं, कोशिंबीर झाली, शेजारीपाजारी वाटून झाली. मग उरलेली क्रेटमध्ये भरून बाजारात गेली. देठाशी चिरा पडलेल्या, एक फळ मुठीएवढं तर दुसरं लिंबाएवढं, आणि तळाच्या थराचा वाटेतच लगदा झालेला. व्यापाऱ्याने क्रेटमध्ये हात घातला, दोन फळं दाबून पाहिली आणि काही न बोलता पुढच्या क्रेटकडे गेला. त्या दहा गुंठ्यांचे बांबू, तार, सुतळी, मल्चिंग पेपर, फवारण्या आणि बांधणीची मजुरी भावाच्या खिशातून गेली. मला तो एका शब्दाने बोलला नाही, हे जास्त लागलं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे आणि ते आज तुमच्यापुढे मांडतो. परदेशातून आपण वाण नेऊ नये. न्यायचीच असेल तर वाण निवडायची पद्धत न्यावी. 'सगळ्यात चांगलं वाण कोणतं?' हा प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न आहे, 'कोणाला विकायला, कुठल्या जमिनीत, कुठल्या महिन्यात?'

ज्याचे पैसे मिळतात, ते पिकतं

मी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या खोऱ्यात राहतो. जुलै ते सप्टेंबर आमच्या महामार्गावरून टोमॅटोचे ट्रक चोवीस तास धावतात. एकेका ट्रकला दोन उघडे डबे आणि त्यांत मिळून सुमारे २५ टन टोमॅटो. वळणावर दोनचार फळं रस्त्यावर पडतात, उसळतात आणि बऱ्याचदा फुटतही नाहीत! अमेरिकेत सॉस, केचप, पेस्टसाठी लागणाऱ्या टोमॅटोपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच राज्यात पिकतो.

हे न फुटणं योगायोगाने आलेलं नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना यांनी १९४० च्या दशकापासून यंत्राने काढता येईल असा टोमॅटो घडवायला सुरुवात केली. कोबी लॉरेन्झन यांनी त्याच विद्यापीठात काढणीचं यंत्र बनवलं. यंत्राला काय हवं? झाड ठेंगणं हवं, सगळी फळं एकाच वेळी पिकायला हवीत, देठ सहज सुटायला हवा आणि साल घट्ट हवी. त्यातून व्हीएफ-१४५ हे वाण आलं. झाडाची वाढ आपोआप थांबवणारं जनुक त्यांच्या हाताशी होतं, कारण १९१४ मध्ये फ्लोरिडात तसं झाड सापडलं होतं. १९६४ मध्ये मेक्सिकोहून हंगामी मजूर आणण्याची योजना बंद झाली आणि यंत्र झपाट्याने पसरलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या राज्यात हा टोमॅटो पिकवणारे सुमारे चार हजार शेतकरी होते. दहाएक वर्षांत ते सहाशेच्या आसपास उरले. वाणाची निवड हा नुसता जीवशास्त्राचा प्रश्न नसतो, धंद्यात कोण टिकणार हेही त्यातून ठरतं, हे यावरून लक्षात घ्या.

पण इथल्या शेतकऱ्याची एक मोठी सोय आहे. रोप लावण्याआधी त्याचा कारखान्याशी करार झालेला असतो. कुठली वाणं चालतील हे कारखाना सांगतो, आणि ट्रक आत जाण्यापूर्वी तपासणी केंद्रावर नमुना काढून रंग, बुरशी आणि विद्राव्य घटक मोजले जातात. या विद्राव्य घटकांत मुख्यतः साखर असते. त्याचं माप म्हणजे ब्रिक्स, आणि ते साधारण ५ च्या आसपास असतं. पेस्ट करताना पाणी आटवायचं असल्यामुळे ब्रिक्स जितका जास्त तितकं कारखान्याचं इंधन वाचतं. म्हणून इथे शेतकरी ब्रिक्सकडे लक्ष देतो.

आता माझ्या भावाचं बघा. त्याचा टोमॅटो २० किलोच्या क्रेटमधून बाजारात जातो आणि तिथून मुंबईला, कधी दिल्लीला, कधी त्याहून लांब. लिलावात ब्रिक्स कोणी मोजत नाही. रंग, आकार, चकाकी आणि बोटाला लागणारा कडकपणा, एवढ्यावर भाव ठरतो. मग तो साल घट्ट असलेलं संकरित वाण लावतो. यात त्याची काय चूक?

कॅलिफोर्नियाचं यंत्राचं वाण त्याला नेऊन दिलं तर काय होईल? सगळी फळं एका आठवड्यात पिकतील. इथे ते वरदान आहे, कारण दर आधीच ठरलेला आहे. तिथे तो जुगार होईल. २०२३ चा जुलै आठवा. नारायणगावला क्रेट दोन हजार रुपयांच्या पुढे गेला होता. पुढच्या काही आठवड्यांत भाव इतके कोसळले की तोडणीची मजुरीही सुटेना. असा भाव ज्या पिकाला आहे, तिथे दीड-दोन महिने तोडे देत राहणारं झाड हाच शेतकऱ्याचा विमा आहे. दहा तोड्यांतले दोन भावात सापडले तरी हंगाम निभावतो. बांधणीचा खर्च वाढतो, पण त्या बदल्यात जोखीम वाटली जाते. इथल्या तज्ज्ञाला हे सुचणार नाही, कारण त्याच्याकडे रोज बदलणारा भावच नाही.

पाकिटावरची अक्षरं वाचायला शिका

दुसरा प्रश्न जमिनीचा आणि रोगांचा. बियाण्याच्या पाकिटावर किंवा माहितीपत्रकात वाणाच्या नावापुढे काही इंग्रजी अक्षरं असतात. त्यांतली 'एचआर' म्हणजे एखाद्या रोगाला उच्च प्रतिकार, 'आयआर' म्हणजे मध्यम. मध्यम प्रतिकाराचं झाड रोगाचा जोर वाढला की आजारी पडतं, फक्त साध्या वाणापेक्षा कमी. 'रोगप्रतिकारक वाण' एवढंच कोणी सांगितलं तर तुमच्या भावाला लगेच विचारायला सांगा, कुठल्या रोगाला? आणि किती?

कारण प्रतिकार हा कुलपासारखा असतो, ठरावीक किल्लीपुरता. पर्णगुच्छ म्हणजे पानं आकसून झाड खुजं करणारा, पांढऱ्या माशीने पसरणारा रोग घ्या. त्याविरुद्धची टीवाय-१, टीवाय-२, टीवाय-३ ही जनुकं रानटी टोमॅटोंतून आणलेली आहेत. पण भारतात हा रोग एकाच विषाणूमुळे होत नाही, त्याचे अनेक भाऊबंद आहेत. टीवाय-२ काहींपुढे टिकतं, काहींपुढे हार मानतं. म्हणून एका तालुक्यात गाजलेलं वाण दुसऱ्या तालुक्यात पडू शकतं.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्ध एमआय नावाचं जनुक आहे. तेही दक्षिण अमेरिकेतल्या रानटी टोमॅटोतून आलं. जगभर ते उत्तम काम करतं, पण जमिनीचं तापमान सुमारे २८ अंशांच्या वर गेलं की ढिलं पडतं. आता फेब्रुवारी-मार्चमध्ये लागवड केलेल्या आणि एप्रिल-मे सोसणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेताचा विचार करा. पाकिटावरचं अक्षर खोटं नाही, पण भावाच्या शेतात उन्हाळ्यात ते किती उपयोगी, हे पाकीट सांगत नाही.

तापमानाचा फटका फळधारणेलाही बसतो. रात्रीचं तापमान २१ अंशांच्या वर राहू लागलं आणि दिवसा ३२-३५ च्या पुढे गेलं की परागकण अशक्त होतात आणि फुलं गळतात. 'झाड जोरदार आहे, पण माल लागेना' ही उन्हाळी तक्रार बऱ्याचदा खताची नसून वाणाची असते. पावसाळ्यात उलट. तिथे ओल्या पानांवर करपा येतो. आमच्या खोऱ्यात उन्हाळाभर पाऊस जवळजवळ पडतच नाही, त्यामुळे इथल्या वाणाला त्या परीक्षेला सहसा बसावंच लागत नाही. इथे पहिला आलेला विद्यार्थी तिकडे का नापास होतो, याचं उत्तर हे आहे.

आणि काही वेळा वाण दोषी नसतंच. २०२० च्या उन्हाळ्यात जुन्नर, अकोले, संगमनेर भागात टोमॅटोवर पिवळे-लाल पट्टे पडून पीक वाया गेलं. लोकांनी त्याला 'तिरंगा व्हायरस' म्हटलं आणि अनेकांचा संशय बियाण्यावर गेला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा प्रामुख्याने काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला. तो मावा किडीमार्फत पसरतो आणि शेकडो प्रकारच्या वनस्पतींवर तग धरतो. अशा वेळी पुढच्या वर्षी नुसतं वाण बदलून फार काही हाती लागत नाही.

बॅगेतली पुडी का नको?

माझ्या पुडीची दुसरी चूक मला नंतर कळली. भारतात बियाणं आणायला आयात परवाना आणि पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. मी दोन्ही घेतलं नव्हतं. तेव्हा हा कागदी त्रास वाटायचा. आता वाटत नाही.

२०१४ मध्ये इस्राएलमध्ये आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये टोमॅटोवर एक नवा विषाणू दिसला. फळांवर तपकिरी सुरकुतलेले डाग पाडणारा. टोमॅटोत टीएम-२ वर्ग नावाचं जनुक या कुळातल्या विषाणूंना अनेक दशकं रोखून होतं, यानं ते ओलांडलं. तो हातांनी, कात्रीने, कपड्यांनी पसरतो आणि बियांवर बसून प्रवास करतो. काही वर्षांतच तो जर्मनी, मेक्सिको, अमेरिका, चीन असा फिरला. एवढ्या लांब त्याला कोणी मुद्दाम नेलं नाही. बियाण्याच्या आणि रोपांच्या व्यापारातून तो गेला. तुमच्या बॅगेतल्या पुडीची तर कोणी तपासणीही करत नाही. भावाच्या दहा गुंठ्यांचं नुकसान मी भरून देऊ शकलो असतो. पण तालुक्यात असा एखादा विषाणू माझ्या हातून गेला असता तर?

जिंकलेल्यांचेच फोटो

तुम्ही म्हणाल, मग भावाने काय करावं? तो तरी कुणाचं ऐकून वाण निवडतो? बहुतेक वेळा रोपवाटिकावाल्याचं, दुकानदाराचं आणि व्हॉट्सॲपचं. व्हॉट्सॲपवर क्रेटच्या ढिगाशेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोटो येतो, खाली वाणाचं नाव. ज्याचं तेच वाण फसलं तो फोटो काढत नाही. विमा कंपनीत काम करणाऱ्या आपल्या मित्रांना हा सापळा ठाऊक आहे. वाचलेल्यांकडे पाहून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. २०२३ मध्ये टोमॅटोवर मोठी कमाई केलेल्या शेतकऱ्यांच्या बातम्या आल्या, तेव्हा जो तो वाण विचारत होता. खरं तर विचारायला हवी होती लागवडीची तारीख. आणि त्या तारखेचाही पुढच्या वर्षी उपयोग नव्हता.

यावर उपाय जुना आणि स्वस्त आहे. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे रोनाल्ड फिशर यांनी शेतातल्या प्रयोगांची रीत घालून दिली. तिचं सार चार ओळींत सांगता येतं. नवं वाण नेहमीच्या वाणाच्या शेजारी लावा. एकाच कोपऱ्यात न लावता शेतात तीन-चार ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवून लावा, कारण एका कोपऱ्याची जमीन मुळातच चांगली असू शकते. बांधाकडच्या सरी मोजू नका. आणि प्रत्येक तोड्याला लिहून ठेवा: किती क्रेट, त्यांत पहिल्या प्रतीचे किती, भाव काय, फवारण्या किती.

माझा सल्ला असा असतो. पहिल्या वर्षी नव्या वाणाला दोन-तीन सरींपेक्षा जास्त जागा नको. जमलं तर दुसऱ्या वर्षी दहावा हिस्सा. आणि कितीही आवडलं तरी सगळं रान एका वाणाखाली नको. इथे कॅलिफोर्नियात फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या एका विषाणूविरुद्ध एसडब्ल्यू-५ हे एकच जनुक सगळीकडे लावलं गेलं. २०१६ मध्ये फ्रेस्नो परगण्यात ते जनुक मोडणारा विषाणू शेतात सापडला. सगळ्यांनी एकच कुलूप लावलं की चोराला एकच किल्ली पुरते.

आणि चव?

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी काही जण अस्वस्थ झाले असतील. कडक सालीच्या, बेचव टोमॅटोची मी वकिली करतोय की काय? नाही. आजचा टोमॅटो बेचव आहे ही तक्रार खरी आहे आणि विज्ञानाने ती सिद्ध केली आहे. २०१२ मध्ये कळलं की फळ एकसारखं लाल व्हावं म्हणून देठाजवळचा गडद हिरवा खांदा नसलेली वाणं निवडताना, फळात हरितद्रव्य वाढवणारं एक जनुक निकामी झालेलं आपण जगभर पसरवलं आणि थोडी साखर गमावली. २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने आणि चिनी सहकाऱ्यांनी जवळपास ४०० टोमॅटोंचे जनुकीय क्रम तपासून दाखवलं की चवीची आणि वासाची अनेक रसायनं आधुनिक वाणांत कमी झाली आहेत. यांतली बरीचशी परत आणता येतील. साखर मात्र अवघड, कारण ती वाढवली की फळ लहान होतं.

पण ही तक्रार शेतकऱ्याच्या दारात नेऊ नका. बाजार कडकपणाचे पैसे देतो आणि आपण चवीची अपेक्षा करतो, हा हिशेब जुळत नाही. कारखाना साखर मोजतो म्हणून इथला शेतकरी तिची काळजी घेतो. पुण्यातल्या सोसायट्यांना थेट माल देणारा एखादा गट चवीचे दोन रुपये जास्त देऊ लागला तर माझा भाऊ त्याच्यासाठी चार सरी जरूर लावेल. चार सरी, दहा गुंठे नव्हे.

आपण काय करू शकतो

आपल्यात प्रयोगशाळांत काम करणारे आहेत, बियाणे कंपन्यांत आहेत, आकडेवारीवर पोट भरणारे तर पुष्कळ आहेत. इथे विद्यापीठाचे कृषी सल्लागार दरवर्षी शेतकऱ्यांच्याच रानात वाणांच्या तुलना करत आणि निकाल सगळ्यांसाठी उघडे ठेवत आले आहेत. त्यांत तळाला राहिलेली वाणंही नावानिशी असतात. मला ही गोष्ट कुठल्याही बियाण्यापेक्षा मोलाची वाटते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने स्वतःची वाणं दिली आहेत, बंगळुरूच्या संस्थेने पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारं 'अर्का रक्षक' दिलं आहे. पण शेतकऱ्याला हवी असते ती तुलना: माझ्या तालुक्यात, या हंगामात, बाजारात मिळणारी दहा वाणं शेजारी शेजारी लावली तर काय झालं? आणि ती साध्या मराठीत हवी. ती कोणी करत नसेल तर दहा-बारा शेतकऱ्यांच्या गटाला आपण करायला मदत करू शकतो. तक्ता बनवणं, चिठ्ठ्या टाकून जागा ठरवणं, हंगामाअखेर आकडे मांडणं, हे काम इथे बसूनही होतं.

भावाशी मी गेली दोन वर्षं एवढंच करतो. तो तीन वाणं लावतो, दोन ओळखीची आणि एक नवं. एका वहीत लिहितो आणि पानांचे फोटो पाठवतो. पहिल्या वर्षी नवं वाण त्याच्या जुन्यापेक्षा मागे पडलं, आणि नुकसान झालं ते फक्त तीन सरींचं. "बरं झालं, सगळीकडं नाही लावलं," तो म्हणाला.

या डिसेंबरातही फोन येईल. तेव्हा त्याला वाणाचं नाव सांगू नका. विचारा: माल कुठे जाणार? कुठल्या महिन्यात लावणार? मागच्या दोन वर्षांत रानात कुठला रोग आला? तोडे किती आठवडे हवेत? आणि नवं वाण किती सरींत लावायचं म्हणतोस? या पाचांची उत्तरं त्याला तुमच्यापेक्षा चांगली ठाऊक आहेत. एकदा ती कागदावर आली की दुकानात कुठलं पाकीट मागायचं ते तो स्वतःच ठरवेल. बॅगेत उरलेल्या जागेत मुलांसाठी चॉकलेटं न्या.